बॅकग्राउंड क्लीन पाहिजे!

“काका, कॅमेरा घ्यायचाय. कोणता घेऊ?”

दिवाळीचा बोनस हातात पडला की तिथपासून फेब्रुवारीपर्यंत हा प्रश्न मला पाच-सहा जण तरी विचारतात. नेरूळमध्ये राहणाऱ्या आणि गळ्यात कॅमेरा अडकवून फिरणाऱ्या माणसाला हे चुकत नाही. मी उलट विचारतो, “कशासाठी हवाय?” उत्तर ठरलेलं असतं. “असंच, रोजचं. घरचे फोटो, गणपती, ट्रेक, एखादी सहल. छंद म्हणून.” मग जरा थांबून, “आणि फ्लेमिंगो.”

सगळा घोटाळा त्या शेवटच्या शब्दात आहे. आधीच्या गोष्टी वर्षभर घडणाऱ्या, फ्लेमिंगो फार तर सहा-सात रविवारच्या सकाळी. पण खरेदी होते ती त्या रविवारांसाठी. पक्षी लांब, म्हणून ६०० मिलिमीटरची लेन्स. लेन्स जड, म्हणून तिला शोभणारी बॉडी. पक्षी उडणार, म्हणून सेकंदाला वीस फ्रेम आणि पक्ष्याचा डोळा ओळखणारा ऑटोफोकस. मग वेगवान कार्ड, मोनोपॉड, पाठीवरची बॅग. सत्तर हजारांचं बजेट घेऊन आलेला मुलगा बघता बघता अडीच लाखांच्या ईएमआयपर्यंत पोचतो. आणि घरच्या गणपतीचे फोटो पुन्हा फोनवरच काढतो, कारण ते जवळजवळ तीन किलोचं धूड आरतीच्या वेळी कपाटातून बाहेर काढायचा कंटाळा येतो.

माझं म्हणणं सरळ आहे. रोजच्यासाठी आणि हौसेसाठी कॅमेरा घेणार असाल तर फ्लेमिंगोचा विचार पूर्णपणे बाजूला ठेवा. पैसे वाचतील हा त्यातला लहान फायदा. लांब पल्ल्याच्या लेन्समधून आपल्या शहराकडे बघायची जी सवय आपल्याला लागली आहे, तिने आपलं मोठं नुकसान केलं आहे, आणि ते अजून आपल्या लक्षात आलेलं नाही.

आधी माझा गुन्हा

२०१६ साली मी हेच केलं. एक डीएसएलआर आणि १५०-६०० ची झूम लेन्स घेतली. पुढचे सात-आठ हिवाळे मी भरतीची वेळापत्रकं पाठ करण्यात घालवले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: ओहोटीला ठाणे खाडीतला चिखल उघडा पडतो आणि रोहित तिथे पसरून खात असतात. भरतीला चिखल पाण्याखाली गेला की ते थवे करून आतल्या उथळ पाणथळींवर येतात, म्हणजे आमच्याकडे डीपीएस तलाव, एनआरआय कॉम्प्लेक्समागची पाणथळ किंवा टी. एस. चाणक्यच्या बाजूची जागा. त्यामुळे भरतीच्या थोडं आधी पोचायचं. मी पोचायचो. पाच वाजता उठून पोचायचो.

गेल्या वर्षी आमची इमारत पुनर्विकासात गेली. सिडकोने बांधलेली, चार मजली, बिनलिफ्टची. घर रिकामं करून द्यायच्या आठवड्यात मुलीने विचारलं, “बाबा, घराचे फोटो आहेत ना आपल्याकडे?” मी म्हटलं, आहेत की, भरपूर. हार्ड डिस्क जोडली. अकरा हजारांवर फोटो निघाले. चोच खाली घातलेला रोहित, पंख पसरलेला रोहित, रांगेत रोहित, सूर्यास्तात रोहित. घराचे नऊ निघाले. तेही फोनमधले, आणि त्यातले चार विजेच्या मीटरचे, रीडिंग पाठवायला काढलेले.

माझी आई भाजी घेऊन येताना जिन्याच्या दुसऱ्या वळणावर दम खायला थांबायची. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात पिशवी, आणि समोरच्या जाळीतून खालच्या आंब्याकडे बघत. कितीतरी वर्षं मी ते रोज पाहिलं. त्याचा एक फोटो नाही. आई आता नाही आणि कठडाही नाही.

त्या काळात माझ्याकडे कॅमेरा नव्हता असं कसं म्हणू? लाखभराची लेन्स कपाटात होती. पण १५० मिलिमीटरपासून सुरू होणाऱ्या लेन्समध्ये चार पावलांवरची आई मावत नाही. शिवाय ती लेन्स अडीच-पावणेतीन मीटरच्या आत फोकसच करत नाही. म्हणजे माझ्या घरातलं जवळजवळ काहीही टिपायला तो कॅमेरा नालायक होता, आणि तोच मी ‘रोजच्यासाठी आणि हौसेसाठी’ म्हणून घेतला होता.

चार अंश आणि पंचाहत्तर अंश

तलावाच्या काठावर एक वाक्य दर रविवारी ऐकू येतं: “बॅकग्राउंड क्लीन पाहिजे.” म्हणजे पक्ष्यामागे इमारत नको, विजेचा खांब नको, राडारोड्याचा ढीग नको, दुसरा फोटोग्राफर तर नकोच. मागे फक्त निळा किंवा हिरवा गुळगुळीत रंग हवा. यासाठी माणसं गुडघाभर चिखलात बसतात, आडवी होतात, अर्धा तास थांबतात. मीही थांबलो आहे.

लांब लेन्स या कामात तरबेज असते. फुल फ्रेम सेन्सरवर ६०० मिलिमीटरची लेन्स कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जेमतेम चार अंशांचा कोन बघते. २८ मिलिमीटरची लेन्स सुमारे पंचाहत्तर अंश बघते. म्हणजे पहिलीत पक्षी आणि त्याची सावली मावते. दुसरीत पक्षी, पाणी, पाण्याची कड, तिवरांची रांग, भिंत, मागचे टॉवर आणि डावीकडे टाकलेलं डेब्रिस, सगळं येतं. चार अंशांतून नवी मुंबई गळून पडते. माझे नेरूळचे फोटो भिगवणचे म्हणून दाखवले तरी कुणाला कळणार नाही. कच्छचे म्हटले तरी चालतील.

याची किंमत काय असते ते २०२४ च्या उन्हाळ्यात दिसलं. भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्याने डीपीएस तलाव कोरडा पडत चालला होता. रोहित जखमी आणि मेलेले सापडले. रहिवासी आणि पर्यावरण कार्यकर्त्यांनी आवाज उठवला, पाहण्या झाल्या, आणि पुढच्या वर्षी राज्य वन्यजीव मंडळाने तो तलाव संवर्धन राखीव करायला मंजुरी दिली. त्या काळात मी माझी हार्ड डिस्क उघडली, या वादात उपयोगी पडेल असं काही आहे का ते बघायला. पूर्वी पाणी कुठपर्यंत असायचं? कोणत्या महिन्यात किती? पाणी आत यायची वाट कशी दिसायची? सात-आठ हिवाळे मी त्या काठावर बसलो होतो आणि यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्या फोटोत नव्हतं. पाण्याची कड मी प्रत्येक वेळी कटाक्षाने फ्रेमबाहेर ठेवली होती. पक्ष्याच्या पिसांचा पोत मात्र मोजून घ्या.

ज्याला जागेची साक्ष द्यायची आहे त्याला बॅकग्राउंड लागतं. तारखेसह, एकाच ठिकाणाहून, मागचा ओळखीचा टॉवर किंवा खांब फ्रेममध्ये ठेवून काढलेला साधा फोटो अशा वेळी माझ्या अकरा हजार फोटोंपेक्षा जास्त बोलतो. त्याला कोणी लाइक देत नाही ही गोष्ट वेगळी.

दुसरं उदाहरण घ्या. उलव्याची टेकडी बेलापूरहून, पामबीच रोडच्या टोकाकडून, लोकलच्या दारातून दिसायची. सुमारे ९० मीटर उंचीची ती टेकडी विमानतळासाठी सुरुंग लावून कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं हलवली. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरला विमानं उडू लागली. विमानतळ हवा की नको हा या लेखाचा विषय नाही. मी एवढंच विचारतो: ती टेकडी तुमच्या किती फोटोंत आहे? स्वतंत्र विषय म्हणून ती कुणी काढावी अशी देखणी नव्हतीच. ती मागे असायची. आपण मागचं धूसर करत होतो.

वडिलांचा डबा

वडिलांकडे आग्फा क्लिक थ्री होता. भारतातच बनलेला, एका पिढीने हौसेने वापरलेला डब्यासारखा कॅमेरा. १२० च्या रोलवर चौकोनी बारा फोटो. ऊन की ढग, इतकीच निवड. फोकस करायची सोय नव्हती, त्यामुळे मागचं धूसर करायचीही नव्हती.

त्या कॅमेऱ्याने काढलेले चाळीसेक फोटो आमच्याकडे आहेत. मावशीच्या बारशाच्या फोटोत मावशी कोणाला नीट दिसत नाही, पण मागे भिंतीवर कॅलेंडर आहे, त्यावरचं कंपनीचं नाव वाचता येतं, फडताळात कोणती भांडी होती ते कळतं, दारात कोणाच्या चपला आहेत यावर अजून वाद होतो. घरी हे फोटो बाहेर काढले की तासभर बोलणं चालतं, आणि त्यातली पाच मिनिटं मधल्या माणसाबद्दल असतात. बाकी सगळं मागच्याबद्दल.

वडिलांना यात काही कर्तबगारी नव्हती. त्यांच्या डब्याला दुसरं काही जमतच नव्हतं. आपल्याला जमतं, म्हणून आपण ठरवून पुसतो.

मेगापिक्सेलचा बाजार

आता बाजाराबद्दल. जगभरात २०१० साली १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ मध्ये तो आकडा ८० लाखांच्याही खाली होता. मधल्या काळात फोनने साध्या कॅमेऱ्यांचा बाजार खाल्ला. मग कंपन्यांनी जे केलं ते धंद्याच्या दृष्टीने रास्त होतं: स्वस्त मॉडेलं कमी केली आणि उरलेल्या थोड्या ग्राहकांना महाग माल विकायला घेतला. त्यामुळे आज ‘नवशिक्यासाठी’ म्हणून जी शिफारस होते ती दहा वर्षांपूर्वीच्या व्यावसायिकाच्या कॅमेऱ्याला लाजवेल अशी असते. नवशिक्याची गरज तेवढी वाढली आहे का?

हिशोब करा. ए-फोर आकाराचा उत्तम प्रिंट काढायला ३०० डीपीआयने सुमारे ८.७ मेगापिक्सेल लागतात. ४-के टीव्हीच्या पडद्यावर मिळून ८.३ मेगापिक्सेल असतात. ए-थ्री प्रिंटला साडेसतरा. म्हणजे भिंतीवर लावण्याइतका मोठा फोटो काढायला २४ मेगापिक्सेलचा जुना कॅमेराही उरून पुरतो. ४५ किंवा ६१ मेगापिक्सेल कशाला लागतात? लांबचा पक्षी कापून मोठा करायला. फिरून आपण फ्लेमिंगोपाशीच येतो.

सेन्सरच्या आकाराचंही तेच. फुल फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटर, एपीएस-सी साधारण २३.५ बाय १५.६, मायक्रो फोर थर्ड्स १७.३ बाय १३. मोठ्या सेन्सरला अंधारात फायदा मिळतो आणि मागचं जास्त धूसर करता येतं. पहिला फायदा खरा आहे, पण आजचे छोटे सेन्सरही ट्यूबलाइटच्या उजेडातल्या घरात नीट काम करतात. दुसऱ्या फायद्याबद्दल मी वर पुरेसं बोललो आहे.

मग घ्यायचा कोणता?

माझ्या तीन अटी आहेत. एक, तो रोजच्या ऑफिसच्या बॅगेत डब्याशेजारी मावला पाहिजे आणि ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत त्याची काळजी वाटता कामा नये. दोन, त्याला डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर असावा, कारण एप्रिलच्या उन्हात पामबीच रोडवर स्क्रीनवर स्वतःचा चेहरा सोडून काही दिसत नाही. तीन, त्यावर एकच, झूम नसलेली, २८ ते ४० मिलिमीटरच्या कोनाची लेन्स असावी. एका खोलीत उभं राहून खोली आणि माणूस दोन्ही येतील असा हा कोन आहे.

या अटींत बसणारे पर्याय पुष्कळ आहेत. एपीएस-सीच्या जुन्या छोट्या कॅनन डीएसएलआरवर २४ मिलिमीटर एफ/२.८ ची चपटी लेन्स लावली तर ३८ मिलिमीटरचा कोन मिळतो. २००डी बॉडीसकट हे सगळं सहाशे ग्रॅमच्या आत बसतं. मायक्रो फोर थर्ड्सच्या बॉडीवर १७ मिलिमीटर एफ/१.८ लावली की ३४ चा कोन. फुजीफिल्मच्या एक्स-१०० मालिकेत ३५ चा कोन आणि व्ह्यूफाइंडर दोन्ही अंगचेच आहेत, पण नवं मॉडेल फॅशनमुळे महागलं आहे, त्यामुळे जुनं बघा. रिको जीआर खिशात मावतो, कोन २८ चा, पण व्ह्यूफाइंडर नाही. तुम्हाला चालत असेल तर उत्तम.

आणि हो, सेकंडहँड घ्या. फोर्टात बोरा बाजारच्या आसपास कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, तिथे एक शनिवार घालवा. डीएसएलआर असेल तर शटर किती वेळा उडाला आहे तो आकडा विचारा. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, परत ठेवा. एफ/१६ वर कोऱ्या आकाशाचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांसारखी दिसेल. घरी आणल्यावर खाडीकाठची हवा विसरू नका. पावसाळ्यात कपाटातल्या कातडी बॅगेत ठेवलेली लेन्स सप्टेंबरपर्यंत बुरशीची होते. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि एक स्वस्त आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० च्या दरम्यान ठेवा. आणि सर्वात चांगला उपाय म्हणजे कॅमेरा रोज बाहेर काढा.

“पण काका...”

पहिला आक्षेप: हे सगळं फोन करतो. बरोबर आहे, आणि फोन पुरत असेल तर काही घेऊ नका. फोनच्या मुख्य लेन्सचा कोन साधारण २४ ते २६ मिलिमीटरचा असतो, म्हणजे माझ्या अटीच्या जवळच. माझी तक्रार दुसरी आहे. फोन अनेक फ्रेम एकत्र करून आकाश किती निळं असावं हे स्वतः ठरवतो, पोर्ट्रेट मोडमध्ये मागचं पुसायची सवय त्यालाही लागली आहे, आणि फोटो काढायला हातात घेतला की व्हॉट्सॲप उघडलेलं असतं. वेगळ्या वस्तूने लक्ष वेगळं राहतं, एवढाच माझा दावा आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: लांब लेन्सवाल्या लोकांमुळेच तर या पाणथळी वाचल्या. गुलाबी पक्ष्यांचे ते देखणे फोटो नसते तर ठाणे खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसरचा दर्जा मिळण्याइतकं कौतुक कुठून आलं असतं? यात तथ्य आहे. पक्ष्याच्या पायातल्या कड्यावरचा क्रमांक वाचायला लांब लेन्सच लागते, आणि अभ्यासकांना त्याचा उपयोग होतो. जो हे काम करतो त्याने ६०० मिलिमीटरची लेन्स जरूर घ्यावी. पण आपण, म्हणजे रविवारची हौशी मंडळी, ते करत नाही. आपण एकाच पक्ष्याचा एकच फोटो शेकड्याने काढतो. आणि त्या देखण्या फोटोंची एक उलटी बाजू आहे. शहर ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणून मिरवतं, चौकात पक्ष्यांचे पुतळे उभे राहतात, आणि पाणथळ कोरडी पडते तेव्हा फोटोंत मात्र सगळं निळंशार आणि क्लीन असतं.

तिसरा आक्षेप: हौसेला मोल नाही, तुम्ही कोण सांगणारे? मान्य. ज्याला पक्ष्यांचं वेड आहे त्याला मी अडवणार नाही. मी बोलतो आहे ते ज्याला वेड नाही, पण दुकानाने आणि काठावरच्या मित्रांनी लावलं, त्याच्याशी. तो सत्तर हजार घेऊन घरचे फोटो काढायला निघाला होता.

गेल्या दिवाळीनंतर मी ती झूम लेन्स विकली आणि त्यातल्या थोड्या पैशांत एक जुनी बॉडी आणि एक चपटी लेन्स घेतली. आम्ही सध्या भाड्याच्या घरात आहोत. त्या घराचे, बायकोच्या ओट्याचे, दिवाळ्याच्या मासळी बाजाराचे, करावे गावातल्या गल्लीचे, सीवूड्स स्टेशनच्या पुलाचे फोटो काढतो. दर महिन्याला पंचवीस निवडून प्रिंट करतो आणि मागे पेनने तारीख आणि जागा लिहितो. फोटो म्हणून त्यातले बरेच सामान्य आहेत.

महिन्यातून एकदा भरतीच्या वेळी मी डीपीएस तलावाच्या काठी त्याच एका जागी उभा राहतो आणि त्याच दिशेने तीन फोटो काढतो: डावीकडे, समोर, उजवीकडे. टॉवर, भिंत, पाण्याची कड, असतील तर पक्षी. आणखी चार-पाच जणांनी वेगवेगळ्या जागा वाटून घेतल्या तर काम बरं होईल. ज्याला कोणता कॅमेरा घ्यावा हे अजून कळत नाही, त्याने आधी हे सहा महिने फोनने करावं. सहा महिन्यांनी काय कमी पडतं आहे ते त्याचं त्यालाच कळेल, आणि मग मला विचारायला या.